‘आठव बघू’ म्हणणे थांबवा

वाचकाचे पत्र

माझे यजमान ४२ वर्षांचे असून फोर्टमधील एका सरकारी उपक्रमाच्या लेखा विभागात नोकरीला आहेत. गेल्या पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर त्यांच्या मोटरसायकलला मागून टेम्पोने धडक दिली आणि डोक्याला जबर मार बसला. डिस्चार्ज कार्डावर ‘जीसीएस ७’ असे लिहिलेले आहे. अपघातानंतरच्या जवळजवळ तीन आठवड्यांतले त्यांना काहीही आठवत नाही. आता आठ महिने झाले. ते चालतात, बोलतात, जेवतात. बघणाऱ्याला काही झाले होते असे वाटतही नाही. पण सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही, एकच प्रश्न पाच वेळा विचारतात, हातातले काम टाकून खिडकीशी बसून राहतात आणि घरात जरा गोंगाट झाला की अंगावर धावून येतात. आमची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्यासमोर जायला घाबरते. सासूबाई म्हणतात, कॉलेजचे सगळे आठवते, मग सकाळचे कसे आठवत नाही, हा मुद्दाम करतो. मी त्यांच्याकडून रोज सुडोकू सोडवून घेते, पैसे भरून मेंदूच्या खेळांचे ॲप घेतले आहे, आणि रात्री दिवसभराची उजळणी घेते, त्यावरून भांडणे होतात. गेल्या महिन्यात हट्टाने एकटे ऑफिसला गेले. परतताना जलद गाडीत बसून ठाण्याला उतरले आणि फलाटावर रडत बसले. एक सहकारी सांगतात की स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका. यजमान मात्र म्हणतात की मला काही झालेलेच नाही, बाइकची चावी द्या. नुकसानभरपाईचा दावा चालू आहे आणि वकील तडजोड करा म्हणतात. हे पूर्वीसारखे होतील का? मी आणखी काय करू?
एक वाचक, भांडुप (नाव गुप्त ठेवले आहे)

सल्ला

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर चुकले तर ते नंतर सुधारता येणे कठीण आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करू नका. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०, उपकलम ४ नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावरही आणता येत नाही; तो मूळ पदाचे काम करण्यास योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि त्याच सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर त्याला घ्यायचे असते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वर खास निर्माण केलेल्या, पदावर ठेवता येते. सरकारी मालकीच्या कंपन्या आणि महामंडळेही या कायद्यात सरकारी आस्थापनाच मानली आहेत. हे संरक्षण नोकरीत असलेल्या माणसाला आहे. जो आपल्या सहीने बाहेर पडला त्याला नंतर ते मागायला फार झगडावे लागते. सहकाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण ज्या माणसाला आपल्या अडचणींची पुरती जाणीवच नाही, त्याने इतक्या मोठ्या कागदावर आज सही करू नये. कायद्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत डोक्याच्या इजेचे वेगळे नाव नाही. त्यामुळे यजमानांचे दिव्यांगत्व कोणत्या प्रकारात आणि किती टक्के बसते, हे वैद्यकीय मंडळ ठरवील. तिथे सर्वांत उपयोगी पडणारा कागद म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीचा, म्हणजे लक्ष, स्मृती आणि विचारशक्ती चाचण्या घेऊन मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल, आणि तो अजून झालेला नाही असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी हे नीट समजून घेऊ की झाले काय आहे. कवटीचा तळ आतून गुळगुळीत नसतो. कपाळामागे आणि कानशिलांमागे त्याला हाडांचे खडबडीत उंचवटे आणि धारदार कडा असतात, आणि डोके जोरात आपटते तेव्हा मेंदूचा पुढचा आणि दोन्ही बाजूंचा भाग त्यांच्यावर घासून दुखावतो. शिवाय डोक्याला झटका बसून ते गरकन वळते त्या क्षणी मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे लांब तंतू ताणले जातात आणि त्यांतले काही तुटतात. तंतूंची ही इजा साध्या सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. लक्ष टिकवणे, विचारांचा वेग, नवी माहिती साठवणे, कामाचा क्रम लावणे, रागाला आवर घालणे ही सगळी कामे याच भागांवर आणि याच तंतूंवर अवलंबून असतात. तुम्ही लिहिलेली लक्षणे वेगवेगळी वाटत असली तरी ती एकाच इजेची आहेत.

इजा किती होती, याचे दोन पुरावे तुमच्या पत्रात आहेत. पहिला जीसीएसचा, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलचा. १९७४ साली टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी मांडलेल्या या मोजणीत ३ ते १५ गुण असतात आणि ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे तीव्र इजा. दुसरा पुरावा तुम्ही ओघात लिहून गेला आहात, आणि मला तो अधिक बोलका वाटतो: तीन आठवड्यांतले काहीच न आठवणे. शुद्धीवर आल्यानंतरही काही काळ माणसाच्या मनात घटनांची सलग नोंद होत नाही. हा काळ जितका लांब, तितक्या पुढच्या अडचणी जास्त, आणि तो एक ते चार आठवड्यांचा असेल तर इजा अतितीव्र समजली जाते. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. घरात कोणीही ‘एवढे काही झाले नव्हते’ असे म्हणू लागले, तर त्यांच्यासमोर ठेवायला तुमच्याकडे ही माहिती असावी.

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तरही आहे. कॉलेजच्या आठवणी वीस वर्षांपूर्वी साठवल्या गेल्या आणि पक्क्या झाल्या. अपघाताने त्यांना सहसा धक्का लागत नाही. दुखावली आहे ती नवी गोष्ट आत घेण्याची आणि हवी तेव्हा शोधून काढण्याची क्रिया. सकाळचे बोलणे त्यांच्या मनात पुष्कळदा नोंदलेच जात नाही, मग ते दुपारी सापडणार कसे? खिडकीशी बसून राहण्याचेही तसेच आहे. उठून आंघोळ करायची हा विचार मनात येतो, पण विचाराला कृतीपर्यंत नेणारा दुवा अधू झालेला असतो. कोणी ‘चला, टॉवेल घ्या’ म्हटले की तोच माणूस लगेच उठतो, आणि नेमके यामुळेच घरच्यांची समजूत होते की याला जमते, पण करत नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले बरे. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या.

आता खेळांकडे वळते. ॲपची वर्गणी संपली की पुन्हा भरू नका. त्या खेळांत गुण वाढतात हे खरे आहे, पण वाढतात ते त्याच खेळात. सुडोकू सुटू लागले म्हणून गॅसवर ठेवलेले दूध लक्षात राहत नाही. या विषयावर इन्कॉग नावाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ साली त्या सुधारून पुन्हा प्रसिद्ध केल्या; रोजच्या जगण्याशी संबंध नसलेल्या संगणकी सरावावर विसंबू नये, असेच त्यांचेही म्हणणे आहे. यजमानांना सुडोकूची मुळातच आवड असेल तर करमणूक म्हणून जरूर सोडवू द्या, उपचार म्हणून नको. ब्राह्मी किंवा स्मृतिवर्धक म्हणून कोणी काही आणून दिले तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, विशेषतः फिट येऊ नये म्हणून औषध चालू असेल तर.

उपचार म्हणून काय करायचे, याचा पाया दुसऱ्या महायुद्धात घातला गेला. मेंदूला गोळी किंवा स्फोटाचे तुकडे लागलेल्या सैनिकांवर काम करताना अलेक्झांडर लुरिया या रशियन शास्त्रज्ञाने असे मांडले की, हरवलेले काम त्याच जागेकडून करून घेण्याचा हट्ट धरण्यापेक्षा ते शाबूत राहिलेल्या क्षमतांच्या आधाराने, वेगळ्या तऱ्हेने करून घ्यावे. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, तसेच हे आहे. भांडुपचा माणूस दादरला पोहोचतो, फक्त रूळ वेगळे. तुमच्या यजमानांची नवी स्मृती अधू आहे, पण वीस वर्षांच्या सवयी शाबूत आहेत. आपल्याला त्या सवयींवर घर बांधायचे आहे.

म्हणून एक वही आणा. खिशात मावेल अशी, एकच, आणि तिला घरात ठेवण्याची एकच जागा. लेखा विभागातल्या माणसाला ‘आठवणींची डायरी’ दिली तर तो ती बाजूला टाकील. त्यांना रोजकीर्द द्या. डावीकडे वेळ, मधे तपशील, उजवीकडे काम झाल्याची खूण, पानाच्या माथ्यावर तारीख आणि वार. हा आराखडा त्यांच्या हातात बसलेला आहे, तो नव्याने शिकावा लागणार नाही. शिकवावा लागेल तो तिचा वापर, आणि तो पायरीपायरीने शिकवायचा. पहिले काही दिवस फक्त एवढेच, की वहीत काय कुठे आहे: आजचे पान, ठरलेल्या कामांचे पान, माणसांची नावे आणि फोन. त्यानंतर घरातच खोटे प्रसंग घेऊन नोंद करण्याचा सराव करायचा. तुम्ही म्हणायचे, ‘भाऊजींचा फोन आला, गुरुवारी येतो म्हणाले,’ आणि त्यांनी ते त्या क्षणी लिहायचे. हे हाताशी आल्यावरच वही घराबाहेर, वाण्याकडे, दवाखान्यात न्यायची. सकाळच्या चहानंतर, जेवणानंतर आणि दिवेलागणीला ती उघडायची, आणि त्या वेळेला फोनचा गजर लावायचा. गजराबरोबर पडद्यावर नुसते ‘आठवण’ असे येऊ नये, ‘वही उघडा’ असे स्पष्ट काम यावे. तोच प्रश्न पाचव्यांदा आला की उत्तर देऊ नका, चिडूही नका, ‘वही बघू या’ म्हणा आणि शेजारी बसा. याला आठवडे लागतात. दहा-बारा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून घरोघर वह्या माळ्यावर गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण स्मृतीच्या पुनर्वसनात इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा दुसरा आधार नाही.

आणि रात्रीची उजळणी आजपासून बंद करा. ‘आठव बघू, दुपारी कोण आले होते?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी तो नुकसान करतो, आणि केवळ भांडण होते म्हणून नव्हे. उत्तर आठवत नाही तेव्हा माणूस अंदाजाने काहीतरी सांगतो. तुम्ही ती चूक दुरुस्त करता. तुमच्या-माझ्या बाबतीत दुरुस्ती लक्षात राहते आणि चूक गळून पडते. ज्याची घटनांची स्मृती अधू आहे त्याला दुरुस्ती झाल्याचेच आठवत नाही. जिभेवर आलेले चुकीचे उत्तर मात्र आत ठसते आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा येते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवून दिले की, स्मृती गंभीरपणे दुखावलेल्या लोकांना चुकण्याची संधीच न देता शिकवले तर शिकलेले अधिक टिकते. म्हणजे आधी उत्तर द्यायचे, मग विचारायचे. ‘गोळ्या फ्रिजवरच्या निळ्या डब्यात आहेत. कुठे आहेत?’ ते लगेच सांगतील. एका मिनिटाने पुन्हा विचारा, मग दोन, मग चार, मग आठ मिनिटांनी. मधे अडखळले तर अंदाज करू न देता उत्तर सांगा आणि अंतर पुन्हा कमी करा. एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही खरोखर उपयोगाची. रात्री बसायचेच असेल तर त्यांनी रोजकीर्द मोठ्याने वाचावी आणि तुम्ही ऐकावी. त्यात नापास होण्यासारखे काही नाही.

ठाण्याच्या प्रसंगाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळे त्याला विसराळूपणा म्हणत असतील आणि माझे मत तसे नाही. सकाळी ते ताजेतवाने होते, आणि भांडुपहून तिकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला संपतात. कुठे उतरायचे हा निर्णयच घ्यावा लागत नाही. संध्याकाळी मात्र दिवसभराचा शीण घेऊन, गर्दीत, उद्‌घोषणांच्या गलक्यात, इंडिकेटर वाचून, धीमी की जलद, कोणता फलाट, हे काही सेकंदांत ठरवायचे असते. घर कुठे आहे हे ते विसरले नव्हते. थकलेल्या मेंदूला एकाच वेळी इतक्या गोष्टी तोलता आल्या नाहीत. म्हणून सरावही त्याच जागेचा हवा. आधी दुपारच्या रिकाम्या वेळी, सोबत तुमचे दीर किंवा एखादा मित्र, आणि परतीचाच प्रवास. खिशातल्या कार्डावर एवढेच लिहा: थांबा, इंडिकेटर वाचा, गाडी धीमी असेल तरच चढा; चूक झाली तर पुढच्या स्टेशनवर उतरून बाकावर बसा आणि फोन करा. प्रत्येक वेळी कार्ड बाहेर काढून वाचायचे, येत असले तरी. सोबत्याने पहिल्या काही फेऱ्यांत शेजारी बसावे, मग त्याच डब्यात दूर, मग नुसते भांडुपच्या पुलाखाली उभे राहावे. चुकणार असे दिसले तर चुकू देऊ नये, आधीच खूण करावी. दारात उभे राहणे पूर्ण वर्ज्य, कारण फिट येण्याचा धोका अजून आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की दिव्यांगांच्या डब्यातून जाता येईल आणि गर्दीचा ताण पुष्कळ कमी होईल.

हा प्रवास जमला म्हणजे नोकरी जमली असे मात्र नव्हे. आधी घरच्या पासबुकाचा ताळमेळ त्यांच्याकडे सोपवा. एका बैठकीत किती वेळ चूक न होता काम होते, हे पाहा आणि लिहून ठेवा. तो काळ पाऊण तासाचा असेल तर आठ तासांच्या टेबलावर त्यांना बसवणे म्हणजे अपमानाला आमंत्रण आहे. मग कार्यालयाकडे लेखी विनंती करून आठवड्यातले दोन-तीन दिवस, अर्धा वेळ, एकाच वरिष्ठाच्या हाताखाली, आणि ज्यावर दुसऱ्याची नजर फिरणार आहे असेच काम मागावे. आठ महिन्यांवर पूर्ण वेळ रुजू होण्याची घाई मला योग्य वाटत नाही.

रागाचे मूळ बहुतेक वेळा गोंगाटात आणि थकव्यात असते. मुंबईतल्या दोन खोल्यांत कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, शेजारचे ड्रिल मशीन आणि तीन माणसांचे बोलणे एकाच वेळी चालते, आणि निरोगी मेंदू त्यातले नको ते आपोआप वगळतो. त्यांच्या मेंदूला ते वगळता येत नाही. सगळे सारख्याच जोराने आदळते. बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकाच माणसाने बोलायचे, पाहुणे एका वेळी दोनच, आणि दुपारी जेवणानंतर तासभर अंधाऱ्या खोलीत आडवे होणे, दमलेले नसले तरी. दोन आठवडे भडका कधी उडाला त्याची वेळ आणि आधी काय चालले होते ते लिहून ठेवा. बहुतेक घरांत त्यातून एखादी ठरावीक वेळ किंवा ठरावीक कारण निघते. भडका उडाला की समजावू नका, आवाज खाली आणा, मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जा, आणि नंतर तो विषय उकरू नका. हात उगारला गेला तर घराबाहेर पडा, शेजाऱ्यांना हाक मारा, गरज वाटली तर ११२ वर फोन करा, आणि डॉक्टरांपासून ते लपवू नका. यावर औषधोपचार आहेत. मुलीला स्पष्ट सांगा की बाबांच्या डोक्याला आतून लागले आहे, आवाज सहन होत नाही म्हणून ते ओरडतात, आणि यात तिचे काहीच चुकलेले नाही.

‘मला काही झालेलेच नाही’ हे खोटे बोलणे नव्हे, हट्टही नव्हे. स्वतःकडे बाहेरून पाहण्याचे कामसुद्धा मेंदूचा पुढचा भागच करतो, आणि तोच दुखावला आहे. त्यांच्या चुकांची यादी वाचून दाखवल्याने जाणीव येत नाही, फक्त शत्रुत्व वाढते. त्याऐवजी कामाआधी त्यांनाच अंदाज करू द्या: ‘सहा जिनसा आणायच्या आहेत, न लिहिता किती आठवतील?’ त्यांनी आकडा लिहावा, जाऊन यावे आणि स्वतःच ताडून पाहावे. फरक त्यांच्या डोळ्यांनी त्यांना दिसू द्या. तुम्ही बोलू नका. ठसवायच्या गोष्टींसाठी ही पद्धत नाही, तिथे चूक टाळायचीच. ही फक्त स्वतःच्या मर्यादेचा अंदाज यावा म्हणून आहे. बाइकबद्दल मात्र अनुभवातून शिकण्याची सोय नाही. न्यूरोलॉजिस्ट लेखी परवानगी देईपर्यंत चावी घरात नको, दिरांकडे ठेवा. दारू एक घोटही नको. तिने फिट येण्याची शक्यता वाढते आणि जो काही तोल राहिला आहे तोही जातो.

काही गोष्टी अशा आहेत, की त्या तपासल्याशिवाय सगळा दोष इजेवर टाकता येणार नाही. मनाची उदासी, मोडलेली झोप, सुस्ती आणणारी औषधे, आणि डोक्याच्या माराने कधीकधी बिघडणारे पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन्स. यांतल्या प्रत्येकाने स्मृती आणि उत्साह आणखी खाली जातो, आणि प्रत्येकावर इलाज आहे. चाल बिघडू लागली, लघवीवर ताबा राहिला नाही आणि गोंधळ वाढला, किंवा डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तर थांबू नका. डोक्यात पाणी किंवा रक्त साचत असू शकते. आणखी एक, जे सहसा कोणी विचारत नाही: फोडणीचा वास त्यांना येतो का? अशा इजेत वासाची संवेदना पुष्कळदा जाते आणि माणूस फक्त ‘जेवणाला चव नाही’ म्हणतो. वास येत नसेल तर गॅस सुटलेला कळणार नाही. त्यांना घरात एकटे ठेवून शेगडी वापरू देऊ नका.

मुंबईत यासाठी दारे आहेत. केईएम, शीव आणि नायर या तिन्ही महापालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचारांचे, विभाग आणि शिक्षणसंस्था आहेत. १९५० साली कमलाताई निंबकर यांनी केईएममध्येच या विषयाचे शिक्षण सुरू केले. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, आणि संभाषणात शब्द सापडत नाहीत किंवा बोलणे भरकटते अशी अडचण असेल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे. कोणी ‘मेंदू पूर्ववत करून देतो’ असे सांगून महिन्यांचे पॅकेज आगाऊ विकत असेल तर तिथून निघून या. चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत तुम्हाला विचारील की घरात नेमके कोणते काम अडते आहे.

पूर्वीसारखे होतील का, याचे प्रामाणिक उत्तर असे की पूर्णपणे तसे होण्याची शक्यता कमी आहे, आणि आजच्यापेक्षा बरेच चांगले होण्याची शक्यता चांगली आहे. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, पण ती तिथे थांबत नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही ती हळूहळू होत राहते, आणि वही, वेळापत्रक, प्रवास यांसारखे कौशल्य तर कधीही शिकता येते. तुम्ही ज्या माणसाशी लग्न केले तो दिसतो, पण भेटत नाही, असे हे दुःख आहे, आणि माणूस समोर बसलेला असताना त्याच्यासाठी रडायची मुभा कोणी देत नाही. ती तुम्ही घ्या. आठवड्यातले दोन अर्धे दिवस दिरांनी किंवा नणंदेने घरी थांबायचे आणि तुम्ही बाहेर जायचे, हे उपकार म्हणून मागू नका, कामाची वाटणी म्हणून ठरवून घ्या. रात्री फारच असह्य झाले तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करून बोलता येते.

तडजोडीवर सही करण्याआधी वकिलांना सांगा की न्यूरोसायकॉलॉजिकल अहवाल दाव्यात दाखल करायचा आहे. हाड मोडलेले एक्स-रेमध्ये दिसते. लक्ष आणि स्मृती गेल्याचे असा अहवाल नसेल तर न्यायाधिकरणापुढे दिसत नाही, आणि कमाईचे सर्वांत मोठे नुकसान तर तेच आहे.

तर या आठवड्यात हे करा. ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथल्या न्यूरोसर्जनकडून न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीसाठी चिठ्ठी घ्या. दहा मिनिटांची, तीस गुणांची प्रश्नावली चालणार नाही. भारतीय लोकांसाठी प्रमाणित केलेल्या चाचण्या, उदाहरणार्थ बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने तयार केलेल्या, मराठीत घ्याव्यात अशी विनंती करा, कारण इंग्रजीत घेतलेल्या चाचणीत भाषेची अडचण कोणती आणि मेंदूची कोणती हे कळत नाही. सकाळची वेळ मागा आणि तपासणी दोन बैठकांत विभागून घ्या. जाताना डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या फिल्म, चालू औषधांची यादी, त्यांच्या कार्यालयातील कामाचे स्वरूप एका कागदावर, आणि भडक्यांची व थकव्याची नोंद बरोबर न्या. डॉक्टरांशी पाच मिनिटे एकटीने बोलायची आहे हे आधीच सांगून ठेवा; यजमानांसमोर जे बोलता येणार नाही ते त्या वेळी बोला. अहवालाच्या तीन प्रती काढा: एक कार्यालयासाठी, एक वकिलांसाठी, आणि एक ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी.